देवस्थळीकाकांच्या सायलेन्सरचं प्रूफ

चालू मोटारसायकलच्या मागे उकिडवं बसून, सायलेन्सरच्या तोंडाशी कोरा कागद धरणारा माणूस तुम्ही कधी पाहिलाय? आम्ही दर रविवारी पाहायचो. कर्वेनगरातल्या आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये सकाळी दुधाच्या पिशव्या आल्या की थोड्याच वेळात देवस्थळीकाका खाली उतरत. इस्त्रीचा पांढरा शर्ट, पायात सँडल आणि सँडलमध्ये मोजे. गाडी चालू करायची, मागे बसायचं, कागद धरायचा, डोळे मिटायचे. मग तो कागद उन्हात नेऊन त्यावर उडालेले काळे ठिपके भिंगातून तपासायचे. "काय चाललंय काका?" असं कोणी विचारलं की मान वर न करता उत्तर यायचं, "प्रूफ काढतोय."

काकांची सगळी नोकरी एका छापखान्यात प्रुफं तपासण्यात गेली. निवृत्त झाले तरी नजर निवृत्त झाली नाही. लग्नाची पत्रिका आली की आधी तिच्यातल्या चुका काढणार, मग आहेराचं बघणार. गाडीशीसुद्धा त्याच भाषेत बोलणार. इंजिन चालता चालता अडखळलं की "स्वल्पविराम". फाट्‌कन आवाज आला की "उद्गारचिन्ह". आणि भर रस्त्यात बंद पडली की शांतपणे खाली उतरून म्हणणार, "पूर्णविराम. नवा परिच्छेद," आणि ढकलायला लागणार.

मी माधवी. शाळेत भूगोल शिकवते आणि सोसायटीची सेक्रेटरी आहे. म्हणजे लिफ्ट अडकली, टाकी वाहिली, वरच्यांच्या कुंडीचं पाणी खालच्यांच्या वाळत घातलेल्या साडीवर पडलं, की बेल माझ्या दाराची वाजते. माझी जीभ तिखट आहे असं लोक म्हणतात. म्हणू देत. गोड जिभेच्या माणसानं हे सेक्रेटरीपद आठवडाभर चालवून दाखवावं, मी त्याला घरी बोलावून पुरणपोळी घालीन.

तर या काकांची गाडी. जुनी, एका सिलिंडरची, कार्बोरेटरवाली. काकांनी ती इतकी निगुतीनं ठेवली होती की येताना-जाताना आवाज म्हणून नाही. आणि आवाजाशी तर काकांचं हाडवैर! समोरच्या इमारतीत कोणी ड्रिल मशिन लावलं तरी हे माझ्या दारात हजर. "माधवीताई, दुपारी एक ते चार या वेळात भोकं पाडायला बंदी आहे, हे त्यांना सांगता की मी सांगू?" मीच सांगायचे, कारण काकांनी सांगितलं की समोरचे मुद्दाम आणखी दोन भोकं पाडायचे.

आणि एके दिवशी हाच माणूस गाडीचा मूळ सायलेन्सर काढून बाजारातला दुसराच लावून आला!

काय वर्णू तो आवाज! बोटभर तोकडा, चकचकीत सायलेन्सर, कॉलेजातली पोरं लावतात तसला. गेटमधून वळताना काकांनी ॲक्सिलरेटर सोडला आणि फाट्! फाट् फाट्! वॉचमन खुर्चीवरून उठला. तळमजल्यावर आमचे चेअरमन निंबाळकर पोहे खात होते, त्यांचा चमचा तसाच हवेत. "सिलिंडर उडाला!" म्हणून ते बनियनवर बाहेर आले, तर समोर काका हेल्मेट काढतायत.

"उद्गारचिन्ह," काका म्हणाले. "तीन. एक पुरे होतं."

निंबाळकर जे भडकले ते भडकलेच. वार्षिक सभा तोंडावर आली होती. त्यांनी फर्मान काढलं, सभेपर्यंत हा आवाज गेला नाही तर सायलेन्सर उतरवायचा, ठराव करून उतरवायचा. ते काकांना सांगायला अर्थातच मला पाठवलं.

मी तावातावानं गेले. "काका, अहो काय हे? या वयात?"

"हौसेला वयाची अट आहे असं कुठं छापलंय?"

"लोकांच्या कानठळ्या बसतायत!"

"ते माझं चुकलं. मला मोठा आवाज नकोच आहे. मला खोल आवाज हवाय." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "सभेपर्यंत वेळ द्या, ताई. एवढं करा माझ्यासाठी."

या माणसानं आजवर कोणाकडे वाटीभर साखर मागितली नव्हती. म्हटलं बरं, पण मी लक्ष ठेवणार. "ठेवा की," काका म्हणाले. "उलट दोन कान जास्त झाले."

आणि अशी मी, आयुष्यात कधी स्कूटीचं तेलसुद्धा स्वतः न बघितलेली बाई, या भानगडीत पडले. खरं सांगते, असे दिवस मी पुन्हा जगायला तयार आहे.

पुढच्याच दिवशी काकांनी मला मागे बसवून वारज्याला नेलं, बाळू धुमाळच्या गॅरेजात. बाळू मूळचा तिथलाच. गावाची वेस मोडून इमारती आल्या, तशी त्यानं गोठ्याच्या जागी गॅरेज टाकलं. त्यानं गाडीकडे बघितलं, मग काकांकडे.

"काका, सायलेन्सर बदलला आन् जेट तसंच ठिवलं व्हय? मग फुटनारच की!"

माझ्या चेहऱ्यावरचं प्रश्नचिन्ह बघून काका खुलले. "असं बघा, ताई. इंजिन जेवतं काय? हवा आणि पेट्रोल. जुना सायलेन्सर धूर अडवून अडवून सोडायचा, त्या हिशोबानं पेट्रोलचं माप ठरलेलं. हा नवा मोकळा. धूर भसकन बाहेर, तेवढी हवा भसकन आत. पेट्रोल मात्र तेवढंच. म्हणजे गाडी उपाशी! ते फाट् फाट् म्हणजे पोटातली कळ."

"मग पेट्रोल वाढवायचं."

"वा!" काका म्हणाले. "भूगोलवाल्यांनासुद्धा कळतं."

जेट म्हणजे कार्बोरेटरमधला एक पितळी स्क्रूसारखा तुकडा, त्याला सुईएवढं भोक. त्या भोकातून जेवढं पेट्रोल जाईल तेवढं खरं. बाळूनं थोड्या मोठ्या भोकाचा बसवला. काका प्रत्येकाचं बोलणं दुरुस्त करतात, मी 'मदत केली' ऐवजी 'मदत झाली' म्हणाले म्हणून मलासुद्धा टोकलंय त्यांनी. पण बाळूला कधी नाही. "त्याचं व्याकरण इंजिनात आहे," म्हणायचे.

मग परीक्षा. चांदणी चौकाच्या चढावर गाडी दामटायची, भर चढात इंजिन बंद करून कडेला घ्यायची, आणि तिथल्या तिथे गरमागरम प्लग काढून त्याचा रंग बघायचा. मी मागे जीव मुठीत धरून. येणारे-जाणारे थांबायचे, "आजोबा, पेट्रोल संपलं का?" काका फडक्यात प्लग धरून म्हणायचे, "नाही. रंग बघतोय." तो माणूस माझ्याकडे दयेनं बघून निघून जायचा.

पांढरा प्लग म्हणजे गाडी उपाशी. काळाकुट्ट म्हणजे अपचन, पेट्रोल जास्त. "आणि बरोबर म्हणजे?" मी विचारलं.

"आमच्या हिच्या चहाचा रंग," काका म्हणाले. "दूध बेताचं, पत्ती चांगली, आणि उकळताना तिथं उभं राहिलेलं माणूस."

ही म्हणजे कुसुमकाकू. काकूंबद्दल सांगायचं तर त्या बोलतात. म्हणजे फक्त त्याच बोलतात. पूर्वी अशा नव्हत्या, पण हल्ली वर्षभरात एकदा सुरू झाल्या की तुम्हाला प्रश्न विचारायला फट ठेवत नाहीत. मंडईत घेतलेल्या वांग्यांपासून सुरू होऊन भाचीच्या सासूपर्यंत जातात आणि चुकून तुम्ही काही बोललातच, तर तुमच्या तोंडाकडे असं टक लावून बघतात, की मला दर वेळी वाटायचं माझ्या दातात पालक अडकलाय. मी दोनदा आरशात बघून आलेय.

काकांची एक रीत मात्र मला कळेना. गाडीत काही बदल केला की ते मला दुसऱ्या मजल्यावर त्यांच्या घरी पाठवायचे. "ही दुसरी किल्ली घ्या, बेल वाजवत बसू नका. वर जा. हिच्याशी बोलत बसा. मी कोपऱ्यावरून एक चक्कर मारून येतो. मी गेटात शिरलो की ही काय करते, तेवढं बघा. तिला सांगू नका हं."

मला वाटलं, बायकोला त्रास होतो का ते बघतायत. चांगलं आहे, म्हटलं, कोणाची तरी काळजी आहे.

पहिल्यांदा गेले तेव्हा काकू मटार सोलत होत्या. खालून गाडी आली ती कर्कश्श! जेट बदलला तरी एक-दोन फटाके फुटलेच, माझे दात शिवशिवले. काकू मान वर न करता म्हणाल्या, "कुठंतरी वरात दिसतेय गं," आणि भाचीच्या सासूकडे वळल्या. काका किल्लीनं दार उघडून आत आले, स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. काकू वळल्या आणि एवढ्या दचकल्या, की मटार घरभर! "किती वेळा सांगितलं, असे भुतासारखे येऊन उभे राहू नका म्हणून!" मला हसू आवरेना. मटार गोळा करता करता मी काकांना डोळ्यांनीच खूण केली, सगळं छान आहे.

खाली आल्यावर त्यांना सांगितलं, "काकूंना काडीचा त्रास नाही. ढिम्म हलल्या नाहीत."

मला वाटलं खूश होतील. काका म्हणाले, "ढिम्म?" आणि हातातलं फडकं घडी करत राहिले. दुसऱ्या दिवशी त्यांनी तो चकचकीत सायलेन्सर उतरवला आणि भंगारात दिला. मी म्हटलं चला, सुटलो. कसले सुटलो! संध्याकाळी नवा घेऊन हजर. हा लांबलचक, जाडजूड, काळा.

"आता हा काय?"

"लांब आणि पोट मोठं. याचा आवाज खाली जातो, वर चढत नाही. आत जाळी आहे, नियमात बसतो. पोलिसांना दाखवायचे कागदसुद्धा आहेत." मग हळूच, "जेट मात्र पहिल्यापासून."

पहिल्यापासून! सभेला थोडेच दिवस राहिलेले. मला खरं तर वैतागायला हवं होतं. पण मी शाळेतून आल्या आल्या पर्स टाकून विचारलं, "वारज्याला कधी निघायचं?" आमचे हे वर्तमानपत्रातून डोकं काढून म्हणाले, "सेक्रेटरी कोणत्या बाजूला आहे म्हणायची?" मी लक्ष दिलं नाही.

या सायलेन्सरची तऱ्हा वेगळी. त्या चकचकीत सायलेन्सरसाठी बसवलेला जेट याला जास्त व्हायला लागला. धूर काळा, वास पेट्रोलचा, कागदावरचं प्रूफ म्हणजे शाई सांडल्यासारखं. बाळूनं मधल्या मापाचा जेट घातला, हवेचा स्क्रू अर्धा आटा इकडे, पाव आटा तिकडे. काका प्रत्येक पाव आट्याला डोळे मिटून ऐकणार. "इथं अजून स्वल्पविराम आहे." बाळू म्हणायचा, "मला तर काय ऐकू येईना." मी म्हणायचे, "मला आला!" आणि खरंच आला होता हो मला. भूगोल शिकवणारे हे कान, पण तयार झाले होते!

सगळं जमत आलं, तरी वळणावरचं एक फाट् काही जाईना. माप बरोबर, रंगही जवळपास बरोबर, मग हे कुठून? काकांनी त्या दिवशी दुपारी देवघरातली उदबत्ती आणली. पेट्रोलचा कॉक बंद केला, इंजिन चालू ठेवलं, मला लांब उभं केलं आणि इंजिनला सायलेन्सर जिथं जोडतात तिथं ती उदबत्ती हळूहळू फिरवायला लागले. धूर सरळ, सरळ, सरळ आणि एका जागी फुर्रकन उडाला.

"सापडली!" काका ओरडले. "जोड ढिला! इथून धूर निसटतोय, इथूनच हवा आत शिरतेय!"

"सापडली!" मीही ओरडले. तेवढ्यात निंबाळकर बाहेर आले. गाडीपुढे काका गुडघ्यावर, हातात उदबत्ती, मी बाजूला टाळ्या वाजवतेय. त्यांनी आधी चपला काढल्या. मग प्रकार कळला तेव्हा परत घातल्या आणि म्हणाले, "रविवारी सभा आहे. आरती झाली की या."

जोडातली वॉशर बाळूनं बदलली. शनिवारी आम्ही चढावर गेलो. काकांनी प्लग काढला, फडक्यावर ठेवला आणि दोघं वाकून बघत राहिलो. चहा! अगदी काकूंच्या हातचा! मी रस्त्याच्या कडेला काकांना टाळी दिली. एका रिक्षावाल्यानं थांबून विचारलं, काय झालं, मी म्हटलं, "पास झालो!"

येताना गाडी कशी चालली म्हणून सांगू! दुप् दुप् दुप्, सावकाश, खालच्या पट्टीत, कुठे अडखळणं नाही, ओरडणं नाही. कर्वे पुतळ्यापाशी ट्रॅफिक पोलिसानं हात केला, सायलेन्सरकडे वाकून बघितलं, ऐकलं, कागद पाहिले आणि म्हणाला, "जा काका. असा आवाज असेल तर आम्हालापण काम कमी."

पण काका काही पास झाल्यासारखे दिसेनात. गेटाच्या अलीकडे थांबून त्यांनी मला उतरवलं. हेल्मेटची पट्टी सोडली, परत लावली. "जा वर," म्हणाले. "मी जरा वेळानं येतो. नीट बघा हं, ताई. हे शेवटचं."

काकू ओट्याशी उभ्या होत्या, निवडलेली मेथी समोर, एक हात ओट्यावर टेकलेला. मला बघून सुरू झाल्या. लक्ष्मी रोडवरची साडी, तिचा रंग, तो रंग भाचीला कसा दिसत नाही. मी हं हं करत होते. आणि मधेच, वाक्य अर्धं टाकून, काकू थांबल्या.

काकू थांबल्या! मी वर्षभरात हे पाहिलं नव्हतं. त्यांनी मान जराशी वळवली. ओट्यावरची बोटं पसरली. खालून तो आवाज येत होता, दुप् दुप्, जमिनीतून वर चढल्यासारखा.

"आले हे," काकू म्हणाल्या.

आणि वळून त्यांनी गॅस पेटवला. पातेलं ठेवलं, पाणी ओतलं, न मोजता साखर टाकली. आल्याचा तुकडा किसता किसता माझ्याकडे बघून अशा हसल्या, की मला लहान मुलीसारख्या वाटल्या. "आमचं असं आहे बघ, गाडी कोपऱ्यावर की आधण गॅसवर. लग्न झाल्यापासून. मधे मेली ती गाडी इतकी मऊ झाली होती, कळायचंच नाही कधी आले ते. एकदम मागे येऊन उभे! माझ्या हातचा आयता चहा बंदच झाला बिचाऱ्यांचा. मी म्हटलं यांना, अहो, गाडीत काहीतरी बिघाड आहे, दाखवा कोणाला तरी. तर बघ, केली एकदाची नीट."

मी त्यांना काहीतरी विचारलं. काय ते आठवत नाही. त्या माझ्या तोंडाकडे टक लावून बघत राहिल्या, आणि माझ्या दातात पालक नव्हता हे मला त्या क्षणी कळलं. दाराची बेल, माणसांची बोलणी, त्या चिरक्या सायलेन्सरची किंचाळी, सगळं काकूंच्या कानाशी येऊन परत फिरत होतं, फार तर लांबच्या वरातीसारखं वाटत होतं. खोल आवाज तेवढा अजून आत जात होता. आणि तो खोल आवाज शोधत काका फिरत होते.

मला तिथं उभं राहवेना. "आले हं," म्हणून जिना उतरले. काका गाडीवर तसेच बसलेले, इंजिन चालू, दोन्ही हात हँडलवर.

"काय केलं तिनं?"

"आधण ठेवलं."

काकांनी किल्ली फिरवली. गाडी शांत झाली. खिशातून रुमाल काढून ते पेट्रोलची टाकी पुसायला लागले, जी मुळात स्वच्छच होती. पुसत राहिले, पुसत राहिले. मग तिकडेच तोंड ठेवून म्हणाले, "तिच्यासमोर हा विषय नको, ताई. ती म्हणते गाडीत दोष आहे. मग गाडीतच आहे."

माझे डोळे भरून आले, म्हणून मी खेकसले, "वर जा आधी. चहा उतू जाईल."

दुसऱ्या दिवशी गच्चीवर सभा झाली. काकू पहिल्या रांगेत, ठेवणीतली साडी नेसून. निंबाळकरांनी विषय काढला. ते तसे सरळ माणूस. म्हणाले, आता आवाज येतो पण खुपत नाही, काल दुपारी तर मी झोपलो होतो तसा झोपून राहिलो, तेव्हा ठरावाची गरज नाही. मला हायसं वाटलं. आणि तेवढ्यात त्यांनी विचारलंच, "पण देवस्थळी, मला एवढं कळू द्या. मुळात एवढी चांगली शांत गाडी होती, तिला हा उद्योग करायची गरज काय पडली?"

सगळे काकांकडे बघायला लागले. जगातल्या प्रत्येक वाक्यात चूक काढणारा हा माणूस खिशातलं भिंग काढून पुसायला लागला. काकू एकदा निंबाळकरांच्या तोंडाकडे, एकदा काकांच्या तोंडाकडे बघत होत्या. त्यांच्या मांडीवरचा पदर त्यांनी मुठीत धरला होता.

मी उठले. वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचावा असा आवाज लावला आणि तोंड नीट काकूंच्या समोर धरलं.

"गाडीत दोष होता," मी म्हटलं, एकेक शब्द सुटा करून. "तो दुरुस्त झाला."

काकूंची मूठ सुटली. त्यांनी निंबाळकरांकडे वळून ठणकावलं, "मी तर यांना वर्षभर तेच सांगत होते!"

"हो," काका म्हणाले. "मीच ऐकत नव्हतो."